ताऱ्यांच्या जन्माचे खरे फोटो कुठे आणि कसे शोधायचे: अगदी पहिल्यापासून

व्हॉट्सअॅपवर "बघा, तारा जन्माला येताना" असं लिहून जे फोटो फिरतात ना, त्यातले बरेचसे हेलिक्स किंवा रिंग नेब्युलाचे असतात (नेब्युला म्हणजे अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग), म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचे. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की बाहेरचे थर सोडून देतो आणि त्याचं ते रंगीत कडं दिसतं. जन्माशी त्याचा काही संबंध नाही. आणि जे फोटो खरोखर जन्मस्थळाचे असतात त्यातसुद्धा लोक बोट ठेवतात ते चकचकीत मोठ्या ताऱ्यावर, आणि नवजात तारा असतो भलतीकडेच, काळ्या धुळीच्या आत. मी शाळांमधल्या स्लाईड शोसाठी हे फोटो गोळा करते, आणि सुरुवातीला सगळी माहिती दहा ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे खूप वेळ जातो हे मला चांगलं माहितीये. खरं तर सगळं फुकट आहे, उघड आहे, फक्त कुठे काय बघायचं ते कोणी एका जागी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

## काय काय लागेल

- पहिल्या चार पायऱ्यांसाठी साधा मोबाईल चालतो, पण मोठ्या स्क्रीनवर बघण्यात जी मजा आहे ती वेगळीच.
- पाचव्या पायरीसाठी लॅपटॉप किंवा पीसी, १६ जीबी रॅम असेल तर बरं, आणि डिस्कवर भरपूर मोकळी जागा.
- सॉफ्टवेअर: डीएस९, फिट्स लिबरेटर, सिरिल आणि गिंप. चारही मोफत आहेत, क्रॅक व्हर्जन वगैरेच्या भानगडीत अजिबात पडू नका.
- एक वही किंवा एक्सेल शीट. प्रत्येक फोटोसाठी पाच गोष्टी लिहायच्या: वस्तूचं नाव, दुर्बीण, प्रसिद्ध झाल्याची तारीख, फिल्टर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश पकडला ते), क्रेडिट लाईन.

अकाउंट, रजिस्ट्रेशन, ओळखपत्र यातलं काहीही लागत नाही. कुठल्या साईटने हे फोटो डाउनलोड करायला पैसे किंवा कार्ड नंबर मागितला तर लगेच बाहेर पडा, ती साईट खरी नाही.

## १. आधी ठरवा, जन्माची कुठली अवस्था बघायचीये

हे न ठरवता नुसतं "स्टार बर्थ" टाकून सर्च केलं तर वॉलपेपर सापडतात, तारे नाही. तारा घडायला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे एकाच ताऱ्याचा जन्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणीही बघितलेला नाही. आपण वेगवेगळ्या वयाचे वेगवेगळे तारे बघतो आणि त्यावरून क्रम लावतो. म्हणून सर्चमध्ये अवस्थेप्रमाणे ठराविक वस्तूचं नाव टाकायचं.

नुसता ढग, अजून तारा नाही: बर्नार्ड ६८. भुजंगधारी तारकासमूहात, अंदाजे ५०० प्रकाशवर्षं लांब. फोटोत आकाशाला भोक पडल्यासारखा काळाकुट्ट गोळा दिसतो. ते भोक नाही, गच्च धूळ आहे.

प्रोटोस्टार, म्हणजे बाळ अजून गुंडाळलेलं: एल१५२७, वृषभ राशीत, ४६० प्रकाशवर्षं. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने टिपलेला फोटो नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. वाळूच्या घड्याळासारखा आकार, मध्ये अरुंद मान, आणि त्या मानेत एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीची कडेने दिसणारी चकती, आपल्या सूर्यमालेएवढी, आणि तारा तिच्या आत लपलाय. वय साधारण १ लाख वर्षं, त्याच्यात अजून हायड्रोजनचं संलयनसुद्धा सुरू झालेलं नाही. माझ्या मते नवख्या माणसाने पहिला बघावा असा फोटो हाच, कारण ह्यात एकच तारा आहे आणि सगळे भाग वेगळे ओळखता येतात.

जोरात फवारे सोडणारे: एचएच २११ आणि एचएच ४६/४७, दोन्हीचे वेबचे फोटो २०२३ चे. एचएच म्हणजे हर्बिग-हारो, जॉर्ज हर्बिग आणि गिलेर्मो हारो या दोघांच्या नावावरून. तान्हा तारा आजूबाजूचा वायू गिळताना दोन विरुद्ध दिशांना झोत फेकतो आणि ते झोत ढगावर आदळले की तिथे धनुष्यासारख्या चमकत्या कडा तयार होतात.

चकती उघडी पडलेली: एचएल टाउरी. हा फोटो चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणींनी काढला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चकतीत गोल गोल खाचा दिसतात, बहुधा तिथे ग्रह घडतायत.

अख्खं पाळणाघर: एम४२ म्हणजे मृगातला तेजोमेघ, १,३५० प्रकाशवर्षं. ईगल नेब्युलातले "पिलर्स ऑफ क्रिएशन", ६,५०० प्रकाशवर्षं. ऱ्हो ओफियुकी, ज्येष्ठा ताऱ्याच्या जवळच, ३९० प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्याला सगळ्यात जवळचं असं जन्मस्थळ, त्या फोटोत पन्नासेक तरुण तारे आहेत. आणि कॅरिना नेब्युलातले "कॉस्मिक क्लिफ्स", ७,६०० प्रकाशवर्षं.

यातला एम४२ तर तुम्ही आपल्या गच्चीवरून बघू शकता. डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी मृग नक्षत्र शोधायचं, बाणाचे तीन तारे दिसले की त्यांच्या खालच्या बारीक रांगेत मधला ठिपका जरा धूसर दिसतो, तोच. बायनॉक्युलर असेल तर अजून स्पष्ट. आधी हे डोळ्यांनी बघा आणि मग हबल या अवकाश दुर्बिणीने काढलेला फोटो उघडा, पोरांना तर हे नक्की करायला सांगा.

## २. फॉरवर्ड नाही, मूळ पानावर जा

गुगल इमेजेस वरून सेव्ह करू नका. तिथे फोटो कापलेला असतो, रंग चढवलेले असतात आणि हल्ली एआयने बनवलेलं काहीही त्यात मिसळलेलं असतं. सरळ या ठिकाणी जायचं: युरोपियन स्पेस एजन्सीच्या ईएसए-वेब आणि ईएसए-हबल या दोन साईट, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची म्हणजे ईएसओची साईट, आणि नासाची साईट. मला स्वतःला पहिल्या दोन जास्त आवडतात कारण प्रत्येक फोटोच्या पानावर सगळी माहिती एकाच साच्यात दिलेली असते. तिथे या चार गोष्टी तपासा.

टाईप. इथे "ऑब्झर्व्हेशन" लिहिलेलं असेल तरच तो खरा फोटो. "आर्टवर्क" असेल तर चित्रकाराने काढलेलं चित्र, "सिम्युलेशन" असेल तर कॉम्प्युटरवर गणित करून बनवलेलं. ही चित्रं वाईट नसतात, समजावायला खूप उपयोगी पडतात, पण फोटो म्हणून पुढे पाठवायची नाहीत. नव्या ताऱ्याभोवतीच्या चकतीचं अगदी जवळून काढल्यासारखं सुंदर चित्र दिसलं, लाव्हासारखी लाल कडी वगैरे, तर ते जवळपास नेहमी आर्टवर्कच असतं.

कलर्स अँड फिल्टर्स. कुठल्या तरंगलांबीला कुठला रंग दिलाय त्याचा छोटा तक्ता. याचं महत्त्व पुढे कळेल.

कोऑर्डिनेट्स. आकाशातली जागा. चौथ्या पायरीत लागेल.

डाउनलोडचे पर्याय. स्क्रीन साईझ, लार्ज जेपेग, आणि फुलसाईझ ओरिजिनल. बघायला लार्ज जेपेग पुरतो, पण बारीक झोत शोधायचे असतील तर ओरिजिनलच घ्या. कॉस्मिक क्लिफ्सचा मूळ फोटो १४,५०० पिक्सेलपेक्षा जास्त रुंद आहे, मोबाईल डेटावर असाल तर आधी फाईलचा आकार बघा.

हातात आधीच एखादा फॉरवर्ड फोटो असेल आणि तो खरा का ते बघायचं असेल तर रिव्हर्स इमेज सर्च करा आणि मूळ पानापर्यंत पोचा. एक झटपट खूणही आहे: ठळक ताऱ्यांना असलेले किरणांचे काटे मोजा. हबलच्या फोटोत चार असतात. वेबच्या फोटोत सहा मोठे आणि दोन छोटे, कारण वेबचा आरसा षटकोनी तुकड्यांचा आहे आणि त्यात आधाराच्या दांड्यांचे काटे मिसळतात. फोटोखाली "जेम्स वेब" लिहिलंय आणि काटे चारच असतील तर नाव चुकलंय किंवा फोटोच खोटा आहे.

## ३. फोटोत बाळ नेमकं कुठे आहे ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक गाळतात.

पहिला नियम: जे सगळ्यात जास्त चमकतंय ते बहुतेक वेळा नवजात नसतं. मोठे काटेवाले तारे कित्येकदा मधल्या जागेतले, आपल्या आणि ढगाच्या मध्ये असलेले, परके तारे असतात. किंवा ते त्याच ढगातून आधी जन्मलेले मोठ्ठे तापट तारे असतात, जे आपल्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा वायू उडवून लावतायत. पिलर्स ऑफ क्रिएशनचे खांब अशाच ताऱ्यांनी कोरलेत आणि ते तारे फोटोच्या चौकटीच्या बाहेर आहेत.

मग बघायचं कुठे? खांबांच्या टोकांना आणि कडांना. हबलचा १ एप्रिल १९९५ चा मूळ फोटो, जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी घेतलेला, त्यात टोकांवर बोटांसारखे बारीक उंचवटे दिसतात, त्यातल्या काहींच्या आत तारे घडतायत. आता त्याच जागेचा वेबचा ऑक्टोबर २०२२ चा नियरकॅम कॅमेऱ्याचा फोटो शेजारी उघडा. खांब पारदर्शक झाल्यासारखे वाटतात, आणि कडांना लाल, निखाऱ्यासारखे वेडेवाकडे पट्टे दिसतात. ते पट्टे म्हणजे धुळीतल्या ताऱ्यांचे झोत वायूवर आपटून तापलेले हायड्रोजनचे रेणू. ते तारे फक्त काही लाख वर्षांचे आहेत. त्याच महिन्यात आलेला मिरी कॅमेऱ्याचा तिसरा फोटो पण उघडा, त्यात उलट होतं, तारे जवळपास सगळे गायब आणि धूळ मात्र भुतासारखी उभी. तिन्ही फोटो खरे आहेत, तरंगलांबी वेगळी आहे इतकंच.

एल१५२७ मध्ये तारा दिसतच नाही हे वर सांगितलं, तरी ढग उजळलेला का? पावसाळ्यात आंबोली घाटात गच्च धुक्यात वळणापलीकडे गाडी उभी असते, गाडी दिसत नाही पण तिच्या हेडलाईटचे दोन झोत धुक्यावर पडलेले दिसतात, तसं. ताऱ्याचा प्रकाश चकतीच्या वरून आणि खालून बाहेर पडतो आणि त्याने पोखरलेल्या पोकळ्या उजळतात. जिथे धूळ विरळ तिथे निळा रंग, जिथे दाट तिथे नारिंगी.

आता कॉस्मिक क्लिफ्सची गोष्ट ऐकाच. हा फोटो १२ जुलै २०२२ ला आला, जगभर छापला गेला, करोडो लोकांनी बघितला. त्यानंतर खगोलशास्त्रज्ञ मेगन रायटर आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा घेतला, आणि त्यातल्या फक्त एका फिल्टरवर लक्ष दिलं, एफ४७०एन, जो ४.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला हायड्रोजनच्या रेणूंचा प्रकाश पकडतो. त्यातून त्यांना तान्ह्या ताऱ्यांचे दोन डझन झोत सापडले जे आधी कोणालाच माहीत नव्हते. म्हणजे जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं त्याच डेटातून. मला हे वाचल्यापासून कुठलाही फोटो नुसता "छान आहे" म्हणून पुढे ढकलवत नाही.

शोधताना डोळ्यात ठेवायच्या खुणा: धनुष्यासारखी चमकती कड, एका रेषेत ओवलेले दोन-तीन ठिपके (झोत मागे सरळ नेला तर तारा सापडतो), दोन बाजूंना उघडलेला पंखा, आणि उजळ पार्श्वभूमीवर छोटा काळा लंबगोल. हा शेवटचा प्रकार मृगातल्या तेजोमेघाच्या हबलच्या फोटोत शोधा, या चकत्यांना प्रॉपलिड म्हणतात.

## ४. दृश्य आणि अवरक्त शेजारी शेजारी ठेवून बघा

यासाठी ईएसए-स्काय किंवा अलाडिन लाईट, दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, काही इन्स्टॉल करायचं नाही. सर्चमध्ये वस्तूचं नाव किंवा पानावरचे कोऑर्डिनेट्स टाका. आधी डीएसएस हा दृश्य प्रकाशाचा नकाशा लावा, मग टूमास, वाईज, हर्शेल असे अवरक्त (म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) नकाशे एकेक बदलत जा.

पहिला प्रयोग बर्नार्ड ६८ वर करा. दृश्य प्रकाशात काळं भोक, आणि टूमास लावला की त्याच गोळ्यातून मागचे तारे डोकवायला लागतात. कारण साधं आहे, धुळीचे कण छोट्या तरंगलांबीचा प्रकाश अडवतात, लांब तरंगलांबीचा बराचसा पार जातो. आणि याच वस्तूवरून अजून एक गोष्ट शिकायची, प्रत्येक काळ्या ढगात बाळ असतंच असं नाही, यात अजून एकही तारा नाही.

मग एम१६ (म्हणजे ईगल नेब्युला) आणि ऱ्हो ओफियुकी बघा. हे दोन्ही झाल्यावर अवरक्त दुर्बिणी कशासाठी पाठवतात हे वेगळं समजवावं लागत नाही.

## ५. मूळ डेटा स्वतः उघडायचा असेल तर

ज्यांना फक्त फोटो हवेत त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल.

हबल आणि वेब दोघांचा डेटा मास्ट नावाच्या अर्काइव्हमध्ये असतो. पोर्टल उघडा, टार्गेटमध्ये एनजीसी ३३२४ टाका (कॉस्मिक क्लिफ्स याच्याच कडेला आहेत), मिशनमध्ये जेडब्ल्यूएसटी निवडा, इन्स्ट्रुमेंटमध्ये नियरकॅम, आणि कॅलिब्रेशन लेव्हल ३. लेव्हल ३ का, तर त्यात वेगवेगळे तुकडे आधीच जोडून साफ केलेले असतात. खालच्या लेव्हलच्या शेकडो फाईली उतरवून नवखे लोक वैतागतात. बास्केटमध्ये टाकल्यावर "मिनिमम रेकमेंडेड प्रॉडक्ट्स" वर टिक करा, आणि नावाच्या शेवटी आय२डी असलेली फिट्स फाईल (दुर्बिणीचा मूळ डेटा ज्या प्रकारात साठवतात ती) घ्या. हबलसाठी शेवटी डीआरझेड किंवा डीआरसी असतं. काही निरीक्षणांना कुलूप दिसेल, तो डेटा ठराविक मुदत, वेबसाठी बहुतेक वेळा १२ महिने, संबंधित शास्त्रज्ञांसाठी राखीव असतो. मुदत संपली की सगळ्यांना खुला.

फिल्टरचं नाव वाचायला शिका. वेबच्या नियरकॅममध्ये एफ२००डब्ल्यू म्हणजे २.०० मायक्रॉन, एफ४७०एन म्हणजे ४.७० मायक्रॉन. शेवटचं अक्षर डब्ल्यू असेल तर रुंद पट्टा, एम मध्यम, एन अरुंद. हबलच्या दृश्य कॅमेऱ्यात एफ६५६एन म्हणजे ६५६ नॅनोमीटर, म्हणजे हायड्रोजन.

फाईल डीएस९ मध्ये उघडली की पहिल्यांदा जवळपास काळी दिसते. घाबरू नका, फाईल बिघडलेली नाही, उजळ आणि अंधुक भागात फरकच इतका असतो. स्केलमध्ये लॉग आणि झेडस्केल लावून बघा. रंगीत करायचं असेल तर फिट्स लिबरेटरमध्ये प्रत्येक फिल्टरची फाईल आर्कसिंच (ArcSinh) स्ट्रेचने खेचून, म्हणजे अंधुक भाग उजळवून, टिफ करा, मग गिंपमध्ये एकेक लेयर, सगळ्यात लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा, छोटीला निळा, आणि लेयर मोड स्क्रीन.

दोन सापळे. एक, नियरकॅमच्या छोट्या आणि लांब तरंगलांबीच्या फाईलींचा पिक्सेल आकार वेगळा असतो, जवळपास दुप्पट, त्यामुळे लेयर एकमेकांवर बसत नाहीत. आधी सिरिलमध्ये सगळ्या एकमेकांशी जुळवून घ्या. दोन, ठळक ताऱ्यांच्या मध्यभागी काळं भोक दिसतं, ते कृष्णविवर नाही, तिथे डिटेक्टर प्रकाशाने भरून गेलेला असतो.

## ६. रंगांबद्दल थोडंसं

"मग हे रंग खोटेच ना?" असं प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी विचारतंच. खोटे नाहीत, नेमून दिलेले आहेत. पिलर्सच्या १९९५ च्या फोटोत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय, म्हणजे रंग बघून कुठे काय आहे ते सांगता येतं. अवरक्त प्रकाश तर डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे रंग नेमावेच लागतात. म्हणून दोन फोटोंची तुलना करताना आधी दोन्हीचे फिल्टर तक्ते बघायचे, एका फोटोतला लाल आणि दुसऱ्यातला लाल एकच असेल असं धरून चालू नका.

## ७. जन्म समजून भलतंच घेऊ नका

सगळ्यांना नेब्युला म्हणतात, तिथेच घोळ होतो. रिंग, हेलिक्स, सदर्न रिंग: मरणारे तारे. यातला सदर्न रिंग तर वेबने कॉस्मिक क्लिफ्सच्याच दिवशी प्रसिद्ध केला, म्हणून दोन्ही फोटो एकत्र फिरतात आणि खालची नावं अदलाबदल होतात. क्रॅब नेब्युला: १०५४ साली ज्याचा स्फोट पृथ्वीवरून दिसला त्या ताऱ्याचे अवशेष. आणि कृत्तिका! फोटोत त्यांच्याभोवती सुंदर निळी धूळ दिसते म्हणून सगळे ती जन्माची धूळ समजतात, पण कृत्तिकांचं वय अंदाजे १० कोटी वर्षं आहे, त्यांचा मूळ ढग कधीच विरून गेला, आता त्या एका वेगळ्याच धुळीतून जातायत.

शंका आली तर पानावर "स्टार फॉर्मिंग रीजन" किंवा "प्रोटोस्टार" हे शब्द शोधा. "प्लॅनेटरी नेब्युला" (मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेले थर, ग्रहांशी संबंध नाही) किंवा "सुपरनोव्हा रेम्नंट" (स्फोट झालेल्या ताऱ्याचे अवशेष) दिसलं तर तो फोटो या कामाचा नाही.

## ८. वापरताना

ईएसए-वेब, ईएसए-हबल आणि ईएसओचे फोटो साधारणपणे क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० लायसन्सखाली असतात, म्हणजे क्रेडिट देऊन कुठेही वापरा, छापा, कापा, शाळेच्या भिंतीवर लावा. नासाचे बहुतेक फोटो कॉपीराईटमुक्त असतात. तरी क्रेडिट लाईन पूर्ण आणि जशीच्या तशी लिहा, त्यात फोटोवर प्रक्रिया करणाऱ्यांची नावंही असतात, उदाहरणार्थ वेबच्या अनेक फोटोंवर जोसेफ डिपास्क्वाले आणि अलिसा पेगन यांची, आणि हे काम सोपं नसतं. फोटो कापलात किंवा रंग बदललेत तर तसंही खाली लिहा. मराठी कॅप्शनमध्ये वस्तूचं नाव, अंतर, दुर्बीण आणि "तारा कुठे आहे" हे चारही टाका, जमलं तर फोटोवर बाण काढून द्या, म्हणजे पुढे ज्याच्याकडे तो फोटो जाईल त्याला तारा शोधत बसावं लागणार नाही.